रिषभावर थांबलेलं पद

संगीत नाटकातलं पद प्रेक्षकाला ऐकू येतं तेव्हा ते पुरतं सजलेलं असतं. ऑर्गन असतो, तबला असतो, नटाच्या अंगावर शेला असतो आणि वन्समोअर द्यायला टपलेली मंडळी असतात. त्या पदाची पहिली रात्र फार वेगळी असते. एक खोली, एक पेटी, पेटीमागे चाल बांधणारा माणूस आणि समोर आठ-दहा जण. चाल ऐकवणारा सहसा मोठा गायक नसतो. त्याचा आवाज चिरकतो, तो मध्येच थांबून ‘इथे सारंगी आहे असं समजा’ म्हणतो. तरी पदाचं पुढे काय होणार ते त्या खोलीतच बहुतेक ठरतं. संगीत नाटकाबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं. या खोलीबद्दल फार थोडं.

या पावसाळ्यात पेडणे तालुक्यातल्या एका गावात मला अशा एका खोलीत बसायला मिळालं. नाटक नवं, संहिता नवी, पदं नवी, चालीही नव्या. अट एवढीच होती की पहिला प्रयोग होईपर्यंत गावाचं, मंडळाचं किंवा कुणाही माणसाचं नाव छापायचं नाही. प्रयोगाआधी बोलबाला झाला की नाटकाला दृष्ट लागते, असं तिथली जुनी मंडळी मानतात. मी अट पाळतो आहे. नाटकाचा विषय मात्र सांगायला त्यांनी मोकळीक दिली, कारण तो विषय कुणा एका मंडळाचा नाही. नाटक आहे संत सोहिरोबानाथ आंबिये यांच्यावर.

पेडण्याच्या माणसाला सोहिरोबा परके नाहीत. विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला त्यांचंच नाव आहे. त्यांचं बांदा गाव पत्रादेवीची सरहद्द ओलांडली की लागतं. अठराव्या शतकातला हा माणूस बांद्याचा कुलकर्णी. सावंतवाडीच्या राजाचं बोलावणं आलं म्हणून निघाला, वाटेत इन्सुलीच्या रानात दुपारी फणस फोडून बसला, तिथे एका नाथपंथी योग्याने येऊन त्याच्याकडे खायला मागितलं, याने गरे दिले, आणि उठला तो कुलकर्णीपण सोडूनच, अशी आख्यायिका आहे. तो योगी म्हणजे गहिनीनाथ, असं संप्रदाय मानतो. पुढे सोहिरोबा उत्तरेत गेले. ग्वाल्हेरला महादजी शिंद्यांनी त्यांना आपल्या कविता दाखवल्या आणि या फकिराने भीडभाड न ठेवता त्यांवर टीका केली, असं सांगतात. त्याच महादजींच्या पदरी जिवबादादा बक्षी होते, ते पेडण्यातल्या केरीचे. नाटककाराला आणखी काय हवं? एका तालुक्याच्या आसपास रान, दरबार, संसार, संन्यास असं सगळं आयतं पडलेलं आहे.

मला ज्या पदासाठी बोलावलं होतं ते फणसाखालच्या प्रसंगाचं.

तालीम रात्री साडेनवानंतर. त्याआधी जमणं शक्यच नसतं. कुणी तुयेंच्या औद्योगिक वसाहतीतून पाळी संपवून येतो, कुणी शाळामास्तर, कुणी टॅक्सी चालवणारा. सोहिरोबांच्या पत्नीचं काम करणारी मुलगी मोपाच्या विमानतळावर नोकरीला आहे. 2023 च्या जानेवारीत तिथून विमानं उडू लागली आणि तालुक्यातल्या तालमींचं वेळापत्रकच बदललं. त्या रात्री तिची रात्रपाळी होती, ती आली नव्हती. देवळाशेजारचं सभागृह, वर पत्रे, बाहेर श्रावणातला पाऊस. भिंतीच्या खुंटीला दोन घुमटं टांगलेली, चतुर्थी जवळ आली होती.

संगीतकार चाळिशीचे, शाळेत संगीत शिकवतात. सगळे त्यांना ‘सर’ म्हणतात, वयाने मोठी असलेली मंडळीसुद्धा. चाल त्यांनी आधी कुणालाच पाठवली नव्हती. हल्ली चाल मोबाईलवर पाठवायची पद्धत पडली आहे. सरांना ती आवडत नाही. ते म्हणाले, “फोनवर आली की नट ती पाठ करतो. समोर बसून ऐकली की प्रश्न विचारतो.” मला हे पटलं. पुढच्या तासाभरात ते डोळ्यांनी बघायलाही मिळालं.

त्यांनी पेटी ओढली, भाता सोडला, काळी दोन धरली. मग ठेक्याशिवाय, जवळजवळ बोलल्यासारखं, पहिली ओळ म्हटली:

अर्धा गरा तुझा, अर्धा माझा, सावली कुणाची रे?

शब्द गावातल्याच एका निवृत्त शिक्षकांचे. चाल सारंगाच्या अंगाची. सारंग दुपारचा, आणि गंधार-धैवत वगळल्यामुळे त्यात एक मोकळं, रानातलं काहीतरी असतं. ‘अर्धा’ खालच्या निषादावरून उचलला होता, ‘तुझा’ मध्यमावर, ‘माझा’ पंचमावर, आणि ‘सावली’ला पहिल्यांदा तबला आला. दादरा. सम नेमकी ‘सा’वर. तिथून ओळ उतरत उतरत ‘रे’ला रिषभावर येऊन थांबली. षड्जावर आलीच नाही. खोलीत सगळे पुढच्या स्वराची वाट बघत राहिले आणि सरांनी भाता मिटला.

ही वाट बघायला लावण्यातच त्या चालीचं सामर्थ्य आहे, असं माझं मत. प्रश्न विचारणारी ओळ प्रश्नासारखी थांबली पाहिजे. रिषभ हा सारंगातला मुक्कामाचाच स्वर, म्हणून ते थांबणं उपरं वाटत नाही. तरी घर आलेलं नसतं. घर येतं ते योग्याच्या उत्तरात. त्याच्या तोंडी तीच चाल, तेच वजन:

विचारतो जो, त्याची रे.

आणि इथे षड्ज. नवं काही न सुचवता फक्त एक स्वर खाली उतरून सगळा प्रसंग मिटतो. सरांनी दोन्ही ओळी लागोपाठ म्हटल्या तेव्हा कोपऱ्यात बसलेले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “आनी एक फावट म्हण पळोवया.”

हे गृहस्थ योग्याचं काम करणार आहेत. आयुष्यभर दशावतारात काम केलेलं. त्यांच्याबद्दल आणि दशावताराबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पेडण्याचा कान कसा घडला हे त्याशिवाय कळत नाही.

पेडणे 1788 साली सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेलं. तिसवाडी, बारदेश, सासष्टी या जुन्या काबिजादींत सोळाव्या शतकात देवळं पाडली गेली, तसं इथे झालं नाही. देवळं जागेवर राहिली. देऊळ राहिलं म्हणून जत्रा राहिली, जत्रा राहिली म्हणून नाटक राहिलं. भगवतीच्या देवळासमोरचे ते दोन काळे दगडी हत्ती बघितले की इथली देवस्थानं किती ऐसपैस नांदली ते लक्षात येतं. तेरेखोलच्या पलीकडे वेंगुर्ला, सावंतवाडी, कुडाळ. तिथले दशावतारी संच कार्तिकापासून पेडण्यातल्या देवळांत उतरतात. दहीकाल्याची रात्र, एक पडदा, एक बाकडं, पखवाज, झांज आणि पेटी. संहिता नाही. कथानक ठरलेलं, संवाद मात्र नट जागच्या जागी रचतो. आणि तो गातो. त्याच्या गाण्यात किर्लोस्करी-गंधर्वी चाली असतात, कीर्तनातल्या असतात, कुठून कुठून आलेल्या असतात. शाळेची पायरी न चढलेल्या पेडण्याच्या शेतकऱ्यानेही नाट्यसंगीत ऐकलेलं असतं, ते या मांडवात.

दशावतारी नटाला बोलता बोलता गाण्यात शिरायची सवय असते. वाक्याच्या शेवटचा शब्द थोडा लांबला की पेटीवाला स्वर देतो आणि पद सुरू होतं. बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं हे प्रेक्षकाला कळतही नाही. संगीत नाटकातलं सगळ्यात अवघड काम हेच. उत्तम गाणारे नट इथे अडखळतात. संवाद संपतो, नट एक पाऊल पुढे येतो, घसा साफ करतो, आणि नाटक थांबून मैफल सुरू होते.

म्हणून त्या म्हाताऱ्या नटाने दुसऱ्यांदा ऐकून जे सांगितलं ते मला फार मोलाचं वाटलं. सरांनी योग्याच्या उत्तरानंतर एक लहानशी तान ठेवली होती, रिषभावरून वर जाऊन फिरून षड्जावर येणारी. सुरेख होती. म्हातारे म्हणाले, तान नको. योगी भुकेला आहे, त्याला गरा हवा आहे. तो अर्धं बोलेल. ‘विचारतो जो’ हे मी नुसतं बोलतो, ‘त्याची रे’ तेवढं गातो. आणि त्यांनी तसं करून दाखवलं. बसल्या जागी, खाली मान घालून. ‘विचारतो जो’ अगदी साधं, शेजाऱ्याशी बोलावं तसं. मग अर्धा श्वास. आणि ‘त्याची रे’ तो षड्ज. आवाज थकलेला, पण सुरात.

सरांनी वही काढून तान खोडली.

गाणाऱ्या तरुण पोराचा चेहरा उतरला. सोहिरोबांचं काम त्याचं. शास्त्रीय शिकलेला, गळा फिरता, वय चोवीस-पंचवीस. त्याला ताना हव्या होत्या. पेडण्यात काय, सगळ्या गोव्यात गाणाऱ्या नटाची परीक्षा तानेवर होते, आणि दोन आवर्तनांची स्वच्छ तान मारली की मांडव टाळ्यांनी भरतो. सरांनी त्याला समजावलं ते असं: “फणसाखाली तान घेतलीस तर लोक तुला टाळी देतील, सोहिरोबाला कोण देणार? दुसऱ्या अंकात ग्वाल्हेरचा दरबार आहे. तिथे घे. दरबारात गवई असतो, तिथे गाण्याला निमित्त आहे.” निमित्त हा त्यांचा आवडता शब्द. पदाला निमित्त हवं, असं ते पुनःपुन्हा म्हणत होते.

या मुद्द्यावर मराठी रंगभूमीने दीडशे वर्षं घालवली आहेत. 1880 साली पुण्यात ‘शाकुंतल’ झालं तेव्हा त्यात दोनशेच्या आसपास पदं होती. ‘मानापमान’ 1911 चं; त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांनी आधी दिल्या आणि खाडिलकरांनी त्या चालींत बसतील अशी पदं लिहिली. ठुमरी, गझल, पूरब अंगाच्या चिजा यांचा सुगंध मराठी पदात आला तो या उलट वाटेने. चाल आधी, शब्द मागून. त्यातून अजोड गाणी मिळाली यात शंका नाही. पण शब्दाची ओढाताण झाली, आणि गाणाऱ्या नटाच्या मर्जीवर प्रयोग पहाटेपर्यंत लांबू लागला. बोलपट आले आणि हा डोलारा कोसळला.

तो पुन्हा उभा राहिला 1960 च्या सुमारास, आणि त्याला नवं वळण देणारा माणूस गोव्याचा. मंगेशीला 1929 साली जन्मलेले जितेंद्र अभिषेकी. मूळ आडनाव नवाथे; मंगेशाच्या देवळात अभिषेक करणारं घराणं म्हणून अभिषेकी. घरात कीर्तन, पुढे आग्र्याची तालीम, मुंबई आकाशवाणीवर नोकरी. मुंबईच्या गोवा हिंदू असोसिएशनच्या कला विभागाने वसंत कानेटकरांचं ‘मत्स्यगंधा’ घ्यायचं ठरवलं आणि संगीत दिलं या तरुणाकडे. 1964 साल. दिग्दर्शक मास्टर दत्ताराम, वळवईचे. पराशर रामदास कामत, सत्यवती आशालता वाबगावकर. गोवा मुक्त होऊन तीन वर्षंही झाली नव्हती, आणि गोव्याची माणसं मुंबईत बसून मराठी नाट्यसंगीताची घडी बदलत होती.

अभिषेकींनी काय केलं? पदं कमी केली, लहान केली. शब्द वर आणला. कानेटकरांनी लिहिलेल्या ओळी भावगीताइतक्या स्पष्ट ऐकू येतील अशा चाली बांधल्या, आणि तरी रागाचा पीळ सोडला नाही. आशालता काही मोठ्या ख्यालगायिका नव्हत्या. त्यांच्या गळ्याला झेपेल, शोभेल, आणि सत्यवतीच्या मनातलं नेमकं सांगेल एवढंच त्या चालीत होतं. पुढे आशालतांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाला ‘गर्द सभोवती’ असं नाव दिलं, ‘मत्स्यगंधा’त त्यांनी गायलेल्या पदावरून. एका चालीने माणसाच्या आयुष्यावर किती अधिकार गाजवावा याचं दुसरं उदाहरण द्यायला नको.

‘लेकुरे उदंड जाहली’, ‘ययाति आणि देवयानी’, ‘हे बंध रेशमाचे’ ही सगळी पुढच्या चार वर्षांतली नाटकं, आणि प्रत्येकाचा बाज निराळा. 1967 च्या डिसेंबरात आलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये तर त्यांनी एकाच पदाला दोन चाली लावल्या, एक सालगवराळीत, एक धानीत. शब्द तेच, घराणी दोन, माणसं दोन. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या नाटकाचा सगळा झगडा त्या दोन चालींत सामावला आहे. ज्याने पहिल्यांदा त्या दोन्ही चाली लागोपाठ पेटीवर ऐकल्या असतील, त्याला नाटक न वाचताच कळलं असेल.

जगभरात ही खोली कुठे ना कुठे आहेच. अमेरिकेत ‘ओक्लाहोमा!’ हे नाटक 1943 साली रंगभूमीवर आलं, त्याआधी रिचर्ड रॉजर्स आणि ऑस्कर हॅमरस्टाइन श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत जाऊन पियानोवर त्यातली गाणी ऐकवत होते, पैसे उभे करण्यासाठी. तिथे चाल ऐकायला भांडवलवाला बसतो. पेडण्यात भांडवलवाला नाही. ऐकायला बसतात ते नट, तबलजी, पदं लिहिणारे मास्तर, देवस्थान समितीचे एक-दोघे आणि चहा घेऊन आलेल्या बायका. त्यामुळे इथला निकाल निराळ्या निकषावर लागतो, आणि मला तो अधिक भरवशाचा वाटतो.

त्या रात्रीची दुसरी दुरुस्ती पदं लिहिणाऱ्या मास्तरांची. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “सर, ‘तुझा’ मध्यमावर आणि ‘माझा’ पंचमावर का?” सरांना प्रश्न लगेच कळला नाही. मास्तरांनी उलगडून सांगितलं: चढत्या स्वरामुळे ‘माझा’ मोठा होतो. सोहिरोबा देणारा आहे. त्याने ‘तुझा’ मोठा म्हणायला हवा.

सरांनी पेटीवर दोन-तीनदा करून बघितलं. ‘तुझा’ पंचमावर नेला, ‘माझा’ मध्यमावर उतरवला, आणि तिथून ‘सावली’ आपोआप खाली येऊ लागली. आधी जो एक छोटा झटका बसत होता तो गेला. चाल सुधारली, अर्थही. दोन शब्दांची अदलाबदल, दोन स्वरांची. खोलीतल्या प्रत्येकाला ती ऐकू आली, तबलजीने मान हलवली. मग पट्टी. तरुण नटाला काळी दोन चढी पडत होती, वरच्या अंतऱ्यात आवाज घट्ट होत होता. पांढरी दोनवर आणून बघितलं. शेवटी काळी एक. त्या पट्टीत म्हाताऱ्यांचा षड्जही खोल लागला.

अंतऱ्याला तबला बंद करून घुमट घ्यावं, असं तबलजीने सुचवलं. खुंटीवरचं घुमट उतरवलं. मातीचं भांडं, एका तोंडाला चामडं. पूर्वी घोरपडीचं असे, आता कायद्यामुळे बकऱ्याचं. 2019 साली गोवा सरकारने त्याला वारसावाद्याचा दर्जा दिला. आरतीत घुमट दणदणतं. इथे ते बोटांच्या टोकांनी, दबक्या आवाजात वाजवलं. अंतऱ्यात ‘पानापानांतून ऊन सांडले’ अशी ओळ आहे. घुमटाच्या त्या गोल, ओलसर नादाने दुपार तयार झाली. सरांनी मात्र ते लगेच मान्य केलं नाही. प्रयोगाच्या रात्री हवा दमट असली तर घुमट उतरतं, म्हणाले, बघू. मला हे आवडलं. सुचलेलं सगळं त्याच रात्री घ्यायचं नसतं.

चहाच्या वेळी मी त्यांना एक विचारलं. सोहिरोबांचा हरिभजनाचा अभंग अभिषेकींच्या आवाजात मराठी घराघरांत पोचला आहे. सोहिरोबांवरचं नाटक म्हणजे प्रेक्षक त्या अभंगाची वाट बघणार. त्याचं काय करणार? ते म्हणाले, त्याला हात लावायचा नाही. नवी चाल लावली तर लोक जुनी मनात म्हणतील आणि नटाचं ऐकणार नाहीत. जुनीच घेतली तर बाकीच्या पदांचा जीव जाईल. म्हणून नाटकात सोहिरोबा तो अभंग लिहिताना दिसतो, गात नाही. पुढच्या पिढीच्या संगीतकाराने अभिषेकींना दाखवलेला याहून मोठा आदर मी बघितलेला नाही. अभिषेकींच्या शिष्यांनी त्यांचं गाणं पुढे नेलं, डिचोलीच्या अजित कडकड्यांपासून कितीतरी जणांनी. चालींच्या बाबतीत मात्र आपण त्यांच्या सावलीत बसून राहिलो. ‘कट्यार’ला अर्धशतक उलटून गेलं. स्पर्धांत आजही तीच पदं, त्याच जागा, तेच वन्समोअर.

यात दोष कलावंतांचा नाही. कला अकादमीच्या स्पर्धांसाठी, महाराष्ट्राच्या राज्य संगीत नाट्य स्पर्धेसाठी गोव्यातली मंडळं जीव तोडून तालमी करतात. उत्सवी नाटकाला गाव पदरमोड करतं. पण तो पैसा जातो कुठे? नेपथ्य, ड्रेसवाला, लाईट, ध्वनिक्षेपण, बाहेरून आणलेल्या नट्यांची बिदागी. चाल फुकट असते, कारण ती जुनी असते. नवी चाल बांधायला सांगितली तर संगीतकाराला काय द्यायचं हे कुठल्याच जमाखर्चात लिहिलेलं नसतं. शाल आणि श्रीफळ.

याच गोव्यात, याच माणसांच्या शेजारी, तियात्राची, म्हणजे कोंकणी गाण्या-नाटकाची, परंपरा आहे. 1892 च्या एप्रिलमध्ये मुंबईत लुकाझिन रिबेरोंचं ‘इटालियन भुर्गो’ झालं तिथपासून ती अखंड चालू आहे. नवं तियात्र म्हणजे नवी कांतारां, ही तिथली रीत. लोक नवं गाणं ऐकायलाच तिकीट काढतात. मांडवीच्या दक्षिणेला हे घडू शकतं तर शापोऱ्याच्या उत्तरेला का नाही? पेडण्याकडे कान आहे, गळे आहेत. व्हायोलिनचे बादशहा श्रीधर पार्सेकर याच तालुक्यातल्या पार्सेचे. जत्रा आहे, हजारांनी जमणारा फुकटचा प्रेक्षक आहे. नव्या संगीतकाराला याहून चांगली प्रयोगशाळा कुठल्या शहरात मिळणार?

मोपाच्या विमानतळावरच्या त्या मुलीला दुसऱ्या दिवशी चाल फोनवर गेलीच. दुसरा इलाज नव्हता. तिचं स्वतःचं पद त्याच सारंगातून निघणार आहे. घर सोडून निघालेल्या नवऱ्याला ती तोच सावलीचा प्रश्न विचारते, आणि तिला मात्र षड्ज मिळत नाही. ही योजना ऐकल्यापासून ते पद ऐकायची मला फार ओढ लागली आहे. ते अजून बांधून व्हायचं होतं. सर म्हणाले, आधी तिचा आवाज नीट ऐकतो, मग बांधतो.

जत्रांचे दिवस आता तोंडावर आहेत. पेडण्यातल्या, डिचोलीतल्या, सगळ्या गोव्यातल्या उत्सव समित्यांना माझी एक विनंती आहे. जुनी नाटकं जरूर करा. पण दोन-तीन वर्षांतून एकदा एक नवं संगीत नाटक घ्या, आणि त्याच्या जमाखर्चात चालीसाठी वेगळा आकडा लिहा. प्रयोग झाल्यावर त्या चाली हरवू देऊ नका. जुन्या नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि चाल छापलेली असे; तेवढ्या आधारावर आज शंभर वर्षांपूर्वीचं पद उभं करता येतं. नव्या नाटकांच्या बहुतेक चाली कुणाच्या तरी फोनमध्ये असतात आणि फोन बदलला की जातात. सहा-सात पदांची स्वरलिपी करायला जाणत्या पेटीवाल्याला दोन-तीन संध्याकाळी पुरतात. ती करून घ्या, संहितेबरोबर छापा, आणि एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा.